रामल्यातल्या ५८ पायऱ्या

मंगळवार, १० जून २०२५

वटपौर्णिमेचा उपवास संध्याकाळीच सोडला. रात्रीच्या विमानात काय मिळेल याचा भरवसा नव्हता. इस्रायलमधल्या मावशीसाठी आईने पिशवी आधीच भरून ठेवली होती. त्यात कडवे वाल होते, कोकमं होती, घरचा मसाला होता आणि कागदात गुंडाळलेली एक पितळी वाटी होती. "ही तिचीच. सत्तर साली जाताना राहिली. आता नेऊन दे." थोडी सुकट घालू का म्हणून विचारलं तर आई डाफरली, "खुळी की काय गो तू! खवले नसलेलं त्यांना चालत नाही. शेजारात वाढलीस आणि एवढं माहीत नाही?"

शेजार म्हणजे अलिबागची इस्रायल आळी. बेने इस्रायल म्हणजे आमच्याकडचे शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते नाव. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, ही गोष्ट अलिबागच्या पोरांना कुणी शिकवावी लागत नाही. मावशी त्यांच्यातली. आई आणि ती एका बाकावर शिकल्या, एकाच विहिरीचं पाणी भरलं. १९७० साली ती नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली. आता ती ७९ वर्षांची आहे, आणि आईला प्रवास झेपत नाही. म्हणून मी निघाले. निवृत्तीनंतरचा पहिलाच परदेश प्रवास.

थेट विमान नव्हतं. ४ मे रोजी येमेनमधून आलेलं क्षेपणास्त्र बेन गुरियन विमानतळाच्या आवारात पडलं होतं, तेव्हापासून भारतातून थेट जाणं बंद होतं. दुबईमार्गे तिकीट काढलं. "असल्या दिवसांत कशाला?" असं चौघांनी विचारलं. चौघांनाही मी एकच उत्तर दिलं, तिथली माणसं राहतातच ना? हे उत्तर किती उथळ होतं ते पुढे कळलं.

बुधवार, ११ जून

रामला हे विमानतळापासून अगदी जवळचं गाव. आठव्या शतकात अरबांनी वसवलेलं. आज ज्यू आणि अरब दोघेही राहतात. मावशीचं घर चार मजली जुन्या चाळवजा इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मी बॅग ओढत वर पोचले तेव्हा दारात उभं राहून ती म्हणाली, "किती गो आईवर गेलीस." मग माझा हात धरून तो दाराच्या चौकटीवर तिरप्या बसवलेल्या मेझुझाला, म्हणजे आत धर्मवचनं ठेवलेल्या डबीला, टेकवला आणि मगच आत घेतलं.

तिची मराठी १९७० साली थांबलेली आहे. ती आगबोट म्हणते, घासलेट म्हणते, फ्रीजला मात्र हिब्रू शब्द वापरते, कारण अलिबागेत तिच्याकडे फ्रीज नव्हता. वाटी हातात घेतली, उलटी केली, तळाशी कोरलेलं नाव वाचलं आणि पदर नसताना पदराने पुसावी तशी गाऊनच्या कडेने पुसली.

संध्याकाळी तिने मला मिकलात दाखवला. मिकलात म्हणजे इमारतीचं सामाईक आसराघर. हल्लीच्या घरांत प्रत्येक सदनिकेला स्वतःची काँक्रीटची खोली असते, तिला ममाद म्हणतात. १९९१ च्या आखाती युद्धात सद्दामची स्कड क्षेपणास्त्रं पडली, तेव्हा लोक गॅस मास्क लावून, खिडक्यांना प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावून घरात बसले होते. त्यानंतर ममादचा नियम आला. मावशीची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचं, लिंबाच्या झाडाखालून वीसेक पावलं उघड्यावर चालायचं आणि मग जमिनीखाली उतरायचं. मी सहज मोजल्या. वरून तळमजल्यापर्यंत ४६ आणि खाली १२, म्हणजे ५८ पायऱ्या. आत दोन सायकली, रंगाचे डबे आणि एक मोडका पाळणा. "भोंगा झाल्यावर दीड मिनिट असतं," मावशी म्हणाली. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघून हसली.

गुरुवार, १२ जून

सकाळी पांढरा मनोरा बघितला. मामलुकांच्या काळातला, चौकोनी, तीसेक मीटर उंच. त्याहून मला आवडलं ते कमानींचं टाकं. सन ७८९ मधलं जमिनीखालचं पाण्याचं टाकं, वर दगडी कमानींच्या रांगा, आणि आत चक्क वल्ह्यांच्या होडीतून फिरवतात. थंडगार, हिरवट उजेड. बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाण्यासाठी एवढं खोल खणलं. या गावाला जमिनीखाली जायची सवय जुनीच दिसते, असा विनोद मी केला. मावशीच्या सुनेला तो कळला नाही, आणि मलाही त्याच रात्री तो करवला नसता.

होडीतून उतरत होते तेव्हा फोन वाजायला लागला. अहमदाबादला विमान पडलं होतं. तिथले दुपारचे १ वाजून ३९ मिनिटं, इथले अकरा वाजून गेले होते. मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. मावशीच्या घरी टीव्हीवर हिब्रू, माझ्या फोनवर मराठी, दोन्हीकडे वसतिगृहात घुसलेलं तेच शेपूट. विमानातले २४१ गेले आणि एक जण चालत बाहेर आला. दोन दिवसांपूर्वी मी विमानात बसले होते, म्हणून अलिबागहून आईचे तीन फोन. "तू पोचलीस ना? नक्की पोचलीस ना?" मी म्हटलं, "अगो, मीच बोलतेय ना?"

झोपताना वाटलं, आता यापेक्षा वाईट काय व्हायचंय.

शुक्रवार, १३ जून

पहाटे तीन. भोंगा. खालून हळूहळू वर चढणारा, वर जाऊन थरथरणारा, पुन्हा खाली येणारा. सिनेमात ऐकलेला आवाज आणि खिडकीबाहेर खांबावरून येणारा आवाज यांत फरक आहे. खांबावरचा दातांत वाजतो. त्याच वेळी घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. मी अंधारात चष्मा शोधत होते आणि मावशी शांतपणे चपला घालत होती.

आम्ही खाली पोचलो तेव्हा कळलं की क्षेपणास्त्रं आलेली नाहीत, येणार आहेत. इस्रायलच्या विमानांनी इराणवर हल्ला केला होता आणि देशाला उठवण्यासाठी भोंगे वाजवले होते. दिवस उजाडला तोवर आकाश बंद, विमानतळ बंद. माझं परतीचं तिकीट १९ तारखेचं. मी ते तिकीट फोनवर उघडून बघत बसले, जणू बघून ते खरं होणार होतं.

मावशीचा मुलगा रिशोन लेत्सियोनला राहतो. त्याच्या घरी ममाद आहे. सकाळी गाडी घेऊन आला, चला म्हणाला. मावशी म्हणाली, शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, स्वयंपाक झालाय, रविवारी बघू. तो आईवर ओरडला, मग माझ्यावर, मग पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके वर आणून ठेवले आणि गेला.

दुपारभर मिकलात झाडला. इमारतीतल्या सगळ्यांनी. सायकली बाहेर, पाळणा बाहेर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत. तळमजल्यावर इथिओपियाहून आलेलं कुटुंब आहे, समोर एक रशियन आजोबा, पहिल्या मजल्यावर अरब बाई आणि तिची दोन मुलं, आणि आमच्या डोक्यावर पेणकडचं आणखी एक बेने इस्रायल जोडपं. फरशी पुसताना पेणच्या काकू मला म्हणाल्या, "आमच्या गणपतीच्या गावात कधी झाडू नाही मारला एवढा."

सूर्य मावळायच्या आत मावशीने मेणबत्त्या लावल्या. वाइनऐवजी मनुकांचं सरबत, ही त्यांची जुनी कोकणातली रीत. नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण, भात, चपाती. कोपऱ्यात रेडिओ चालू होता आणि काहीच बोलत नव्हता. शब्बाथला फोन, टीव्हीला हात लावायचा नाही, म्हणून एक मुकं केंद्र असतं. ते आदल्या संध्याकाळी लावून ठेवायचं. काही नसेल तर ते गप्प, भोंगा झाला तरच बोलणार. मी आयुष्यात रेडिओ इतका लक्ष देऊन कधी ऐकला नव्हता.

नऊच्या सुमाराला तो बोलला.

जिन्यात धावपळ. वरून येणारी पोरं ओरडत होती, "माहेर! माहेर!" मी दचकून वर बघितलं. मावशी कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, म्हणाली, "हिब्रूत माहेर म्हणजे लवकर. मलापण पहिल्यांदा असंच झालेलं." ५८ पायऱ्यांना तिला चार मिनिटं लागतात. भोंग्यानंतर दीड मिनिट. हे गणित मला दुसऱ्या जिन्यावर सुटलं आणि पोटात गोळा आला. त्या रात्री भोंग्याच्या आधी येणारी सूचना वेळेत आली होती म्हणून पोचलो.

लोखंडी दार बंद केलं की भोंगा ऐकू येत नाही. मग नुसते धक्के. लांबचे असले तर कुणी वरच्या मजल्यावर गादी आपटतंय असे. जवळचे असले की कानांत हवा दाबल्यासारखी होते आणि ट्यूबलाइटवरची धूळ खाली येते. अरब बाईची धाकटी बोटांवर मोजत होती. दहापर्यंत येऊन तिची बोटं संपली, मग तिने भावाची बोटं घेतली. मावशीने पितळी वाटीत शेंगदाणे आणले होते. वाटी हातोहात फिरली. रशियन आजोबांनी दोन दाणे घेतले आणि वाटी फार काळजीपूर्वक पुढे दिली.

त्या रात्री तीनदा खाली गेलो.

शनिवार, १४ जून

पहाटेच्या फेरीत रिशोनमध्ये घरं पडली. मावशीच्या मुलाच्या घरापासून लांब, पण गाव तेच. तो फोनवर सांगत होता की खिडकीची काच फुटली नाही, नुसती चौकटीतून सुटून सबंधच्या सबंध पलंगावर येऊन पडली.

दिवस मात्र विचित्र शांत. बाजार बंद, रस्ते मोकळे, कबुतरं. दुपारी मी दोन तास गाढ झोपले आणि उठल्यावर क्षणभर अलिबागच्या घरात असल्यासारखं वाटलं. आईला फोन केला. ती १९७१ ची गोष्ट सांगत बसली, खिडक्यांना काळा कागद, अंधारात दूध तापवताना उतू गेलेलं. तिला वाटतं अजूनही तेच असतं, दिवे घालवले की विमानाला आपण दिसत नाही. आता दिवे घालवत नाहीत. येणाऱ्याला दिसायची गरजच उरलेली नाही, पत्ता आधीच घालून पाठवलेला असतो. हजार-दीड हजार किलोमीटर अंतर बारा मिनिटांत. आमचं अलिबाग ते पेण एसटीने त्याच्या चौपट वेळ घेतं.

रविवार, १५ जून, अडीचचा सुमार

हा दिवस तसा शनिवारच्या रात्रीतच सुरू झाला. अकराच्या आसपास एकदा जाऊन आलो होतो. मावशी दमली होती, खाली झोपू या म्हटलं तर ऐकेना. "तळघरात झोपले की मेल्यासारखं वाटतं."

अडीचच्या सुमाराला फोन किंचाळला. ही आधीची सूचना, भोंगा अजून व्हायचा होता. मावशी न्हाणीघरात होती. ती बाहेर आली, गाऊनवर ओढणी घेतली, औषधांचा डबा घेतला, मेझुझाला हात लावला आणि हात ओठांना लावला. हे सगळं ती प्रत्येक वेळी करते. मी प्रत्येक वेळी आतल्या आत ओरडते. पहिल्या मजल्याच्या वळणावर होतो तेव्हा भोंगा सुरू झाला. उरलेल्या पायऱ्या मी तिला जवळजवळ उचलून उतरवल्या. ती पिसासारखी हलकी लागली, ते फार वाईट वाटलं.

अंगणात आलो. पौर्णिमेला चारच दिवस झाले होते, चांदणं लख्ख पडलं होतं, लिंबाची सावली जमिनीवर रेखीव. भोंगा एक नव्हता. रामल्याचा, लोदचा, आणखी लांबच्या गावांचे, प्रत्येकाची लय वेगळी, एक उतरत असताना दुसरा चढणारा. आणि पूर्वेला, डोंगरांच्या वर, दिवे.

नारिंगी. एकामागोमाग. अजिबात घाई नसलेले. आवाज नाही. मला रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून रात्री दिसणाऱ्या होड्या आठवल्या, क्षितिजावर ओळीने लागलेल्या, एकाच जागी थांबल्यासारख्या वाटणाऱ्या आणि थोड्या वेळाने बघावं तर पुढे सरकलेल्या. तसेच. फक्त समुद्र वर होता.

मावशीला बारा पायऱ्या उतरवून दारातून आत ढकललं. कुणीतरी तिचा हात धरला. मी मात्र वळले आणि परत वर आले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. राहवलं नाही, एवढंच.

जमिनीवरून पांढरे ठिपके उठले. हे वेगात, वाकडे वळत, शोधत असल्यासारखे. वर गेले, लहान झाले, दिसेनासे झाले. मग आभाळात खूप उंचावर एक लख्ख उघडझाप, विजेसारखी, पण गोल. आवाज नाहीच. एक नारिंगी दिवा त्या गोलात गेला आणि बाहेर आला नाही. दुसरा गेला, त्याचे तीन तुकडे झाले आणि तिन्ही सावकाश विझले. मग कितीतरी वेळाने पहिला आवाज आला, वरून नाही, जमिनीतून, तळव्यांतून. लिंबाच्या झाडात झोपलेली कबुतरं एकदम उडाली आणि चांदण्यात गोल गोल फिरायला लागली. त्यांना कुठे जावं ते कळत नव्हतं.

आणि मला वाटलं, किती सुंदर आहे. हे लिहायचं नव्हतं. पण मग बाकीचं लिहूनही काय उपयोग.

दोन दिवे विझले नाहीत. तुटता तारा जाता जाता बारीक होतो, हे मोठे होत गेले. एक आमच्या डोक्यावरून पश्चिमेकडे गेला, दुसरा त्याच्या डावीकडे. नैर्ऋत्येला गच्च्यांच्या मागे आभाळ खालून पेटलं, आधी पांढरं, मग केशरी. लहानपणी वीज चमकली की गडगडाटापर्यंत आकडे मोजायचो, तशी मी मोजायला लागले. एकोणीसला धक्का आला. दाराचा कडीकोयंडा वाजला. तेवढ्यात वायव्येला दुसरं पेटलं. चाळीसच्या पुढे आकडा चुकला, आणि मग तो आवाज आला, लांबचा, बोजड, खाली बसत जाणारा.

इथिओपियन मुलाने मागून माझा दंड धरून मला आत ओढलं. "माहेर," तो म्हणाला. ओरडला नाही. विनवल्यासारखं म्हणाला.

मावशीने माझ्याकडे बघितलंही नाही. शेजारची खुर्ची पुढे सरकवली. मी बसले. हातांना कंप सुटला होता तो लपवायला वाटी मांडीवर घेतली, तर दाणेच वाजायला लागले.

रविवार, १५ जून, दिवस

सकाळी नकाशावर अंतर बघितलं. आवाज एका सेकंदाला साधारण एक तृतीयांश किलोमीटर जातो. एकोणीस म्हणजे सव्वासहा किलोमीटर. तिथे रेहोवोत आहे, वाइझमान विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळा जळत होत्या. चाळीसच्या पुढचा आकडा म्हणजे पंधराएक किलोमीटर. तिथे समुद्राकाठचं बात याम. एक अख्खी इमारत अर्धी होऊन उभी होती, आत माणसं शोधत होते. आकडा दिवसागणिक वाढत ९ वर थांबला. त्यात युक्रेनहून आलेलं एक कुटुंब होतं, सात वर्षांच्या मुलीच्या कर्करोगावर उपचार करायला इथे आलेलं. ती मुलगीही गेली. मी दिवे बघत होते तेव्हा.

त्याच रात्री उत्तरेला ताम्रा या अरब गावात एकाच घरातल्या चार बायका गेल्या. गावात सार्वजनिक आसराघरं जवळजवळ नाहीतच, अशी बातमीत चर्चा. पहिल्या मजल्यावरची अरब बाई दुपारी वाटीभर जैतुनं घेऊन वर आली, मावशीशी हिब्रूत काहीतरी बोलली आणि गेली. काय म्हणाली विचारलं. "म्हणाली, आपल्याकडे निदान खाली जायला जागा आहे."

जेवताना मी गाझाचा विषय काढला. तिथे भोंगाही नाही, तळघरही नाही, आणि दीड मिनिटही नाही. तेहरानमध्येही लोकांसाठी आसराघरं नाहीत म्हणतात, तिथे आपले शेकडो विद्यार्थी अडकलेत. मावशीचा मुलगा आला होता. त्याने चमचा खाली ठेवला. सून उठून पाणी आणायला गेली. जेवण संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. पाहुणीने असं बोलावं का, हा प्रश्न मी अजूनही स्वतःला विचारते. बोलले ते चुकीचं होतं असं मात्र वाटत नाही.

सोमवार, १६ जून

मुलाने आईला रिशोनला न्यायचं नक्की केलं होतं. पहाटे पेताह तिकवामध्ये क्षेपणास्त्र नेमकं ममादवर आदळलं, आतली माणसं गेली. मावशी म्हणाली, "बघ. ममादमध्येसुद्धा." तिला समजावून सांगायला हवं होतं की असं क्वचित होतं, ममादने बाकी ठिकाणी माणसं वाचवली आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघ्यांपेक्षा ते कितीतरी बरं. मुलाने समजावलंही. पण ७९ वर्षांच्या बाईला आपल्या बाजूची एक बातमी मिळाली की मग संपलंच.

शेवटी तोड निघाली ती पेणच्या काकूंकडून. तळमजल्यावरच्या इथिओपियन कुटुंबाने आपली बाहेरची खोली रात्रीपुरती दिली. तिथून मिकलात म्हणजे वीस पावलं आणि बारा पायऱ्या. मी वेळ लावून बघितलं. सत्तर सेकंद. मेझुझासकट.

मंगळवार, १७ ते शनिवार, २१ जून

या दिवसांत सांगण्यासारखं थोडं आहे. दूतावासाचा अर्ज भरला. वाल भिजत घातले, मोड आले, सोलायला मिकलातमध्ये नेले. रात्री एक वाजता आठ बायका आणि एक रशियन आजोबा वाल सोलत बसलेले, वर कुठेतरी गाद्या आपटताहेत. आजोबांना साल काढायची युक्ती जमली तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. दुसऱ्या दिवशी बिरडं केलं, त्यांना डबा दिला.

झोप तुकड्या-तुकड्यांनी. मोटारसायकल सुरू झाली तरी दचकायला व्हायचं, तिचाही आवाज खालून वर चढतो ना. आंघोळ भरभर. केस धुवायचे की नाही हा रोजचा मोठा निर्णय, कारण फेसाने भरलेलं डोकं घेऊन ७० सेकंद. गुरुवारी, ज्या दिवशी मी परत निघायची होते, बेर शेवाच्या मोठ्या रुग्णालयावर पडलं. त्याच दिवशी इथल्या भारतीयांना बाहेर काढायची मोहीम, ऑपरेशन सिंधू, जाहीर झाली. इराणमधले विद्यार्थी आर्मेनियामार्गे दिल्लीला पोचल्याचं त्याच दिवशी वाचलं. बरं वाटलं.

रविवार, २२ जून

बस सकाळची. अमेरिकेने रात्रीत इराणवर बाँब टाकल्याची बातमी उठल्या उठल्या कळली, म्हणजे आज उत्तर येणार. आलंच. मावशी खाली निरोप द्यायला आली, गाऊन नाही, चक्क साडी नेसून. १९७० ची असावी, निऱ्यांच्या घड्या पडलेल्या. आईसाठी तिने काय दिलं असेल? लिंबं. अंगणातली, सहा. "हद्दीवर काढून घेतील," मी म्हटलं. "घेऊ देत. तू दे."

घेतली नाहीत. जॉर्डन नदी पुलावरून दिसली तर ओळखलीच नाही. एवढं नाव ऐकलेलं, आणि नदी आमच्याकडच्या पावसाळ्यातल्या ओहोळाएवढी, दोन्हीकडे बोरू वाढलेला. बसमध्ये केरळच्या शुश्रूषा करणाऱ्या मुली होत्या, विद्यार्थी होते, तेलंगणातले बांधकाम कामगार होते. पलीकडे पोचल्यावर सगळ्यांनी एकदम फोन काढले. मी घड्याळ बघितलं. सवयीने, काय सत्तर सेकंदांच्या आत आहे ते शोधायला.

मंगळवार, २४ जून

अम्मानहून विमान सकाळी दिल्लीला उतरलं. उतरल्यावर कळलं, युद्ध थांबतंय. थांबायच्या थोडं आधी, पहाटे, बेर शेवात आणखी चार माणसं गेली होती.

गुरुवार, २६ जून, अलिबाग

पाऊस. आईने लिंबं हुंगली, एक कापलं, पाच देवापाशी ठेवली. संध्याकाळी मावशीला फोन लावला. मिकलात रिकामा करताहेत म्हणाली. सायकली परत आत, पाळणा आत, खुर्च्या ज्याच्या त्याच्या घरी.

आईने माझ्या हातातून फोन घेतला. "आणि वाटी? वाटी आणलीस ना वर?"

पलीकडून मावशी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं. राहू दे खालीच."